डॉक्टरांची बाय

घरमालकाला खूश करण्यासाठी मी आयुष्यात एकदाच काही केलं, आणि त्यामुळे घरमालक स्वतःच्याच घरात पाऊल ठेवीनात.

खांदा कॉलनीतल्या त्या छोट्या रो-हाउसमध्ये आम्ही नुकतेच भाड्याने राहायला आलो होतो. आम्ही म्हणजे मी, बायको आणि पहिलीत जाणारी कन्या. आम्ही तळमजल्यावर, मालक वर एकटे. वर जाणारा जिना आमच्या व्हरांड्यातूनच होता. कॉलनी त्यांना डॉक्टर म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. कसले डॉक्टर, ते विचारायची हिंमत तोवर झाली नव्हती.

नवीन पनवेलमध्ये माणूस घर घेतो तेव्हा दारावर नावाची पाटी नंतर लागते, आधी ग्रिल लागतं. तळमजल्याला लागतं, तिसऱ्या मजल्याला लागतं, जिथे चोरच काय, कावळाही दमून पोचेल अशा सातव्या मजल्यालाही लागतं. आमच्या घराला मात्र एकही ग्रिल नव्हतं. खिडक्या मोकळ्या, व्हरांडा मोकळा. मला वाटलं, एकटा म्हातारा माणूस, राहून गेलं असेल. डॉक्टर उरणकडे आपल्या गावी हळदीला गेले होते. आगरी हळद लग्नाहून मोठी, तेव्हा दोन-तीन दिवस तरी ते येत नाहीत असा हिशेब करून मी पळस्पे फाट्यावरच्या फॅब्रिकेटरला बोलावलं आणि व्हरांड्याला अख्खं ग्रिल ठोकून घेतलं. मधोमध मोर. वर हिरवा ऑइलपेंट. भाडेकरूने मालकाला ग्रिल भेट दिल्याची पनवेलमधली ही पहिलीच घटना असावी, अशा तोऱ्यात मी होतो.

डॉक्टर परत आले. खांद्याला पिशवी, शर्टावर हळदीचे डाग. मी आतल्या बाजूला, मोराच्या दोन्ही अंगांचे गज धरून, सगळे दात दाखवत उभा.

ते फाटकातच थांबले. चेहरा असा झाला की मला वाटलं, हळदीत काही भलतंच खाण्यात आलं. पिशवी त्यांनी खाली ठेवली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "तू आधी बाहेर ये."

"अहो डॉक्टर, बघा तरी, कुलूपसुद्धा…"

"ते मग बघू. तू बाहेर ये. पोरगी आत आहे का? तिला पण आण."

आम्ही तिघंही बाहेर येऊन उभे राहिलो. शेजाऱ्यांना वाटलं भूकंप झाला. डॉक्टर शेजारच्या स्कूटरवर बसले ते बसलेच. फॅब्रिकेटरला मी फोन केला, तो म्हणाला, "काय शेठ, कामात खराबी हाय का?" म्हटलं, "काम उत्तम आहे, म्हणूनच काढायचंय." तो येऊन ग्रिल उतरवेपर्यंत संध्याकाळ झाली आणि मग डॉक्टर घरात गेले. तो मोर पुढे मागच्या अंगणात भिंतीला टेकून राहिला. बायकोने त्याच्यावर दुधीचा वेल चढवला. आमच्या मुक्कामात त्या ग्रिलचा झालेला उपयोग तेवढाच.

त्या दिवसापासून ते मला "भाडेकरू" म्हणायला लागले. नावाने कधीच नाही. "काय भाडेकरू, आज काय ठोकायचा विचार?" अशी सकाळ सुरू व्हायची.

त्यांच्या तऱ्हा आम्हाला एकेक करून कळत गेल्या. ते आमचं दार वाजवायचे आणि लगेच मागे सरून, खिडकीतून दिसतील असे बाजूला उभे राहायचे. शिवाय ओरडून सांगायचे, "उघडायलाच पाहिजे असं नाही हां!" पहिल्यांदा हे ऐकून बायकोने खरंच उघडलं नाही, कणीक मळत होती. तर हे आनंदाने वर निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी तिला म्हणाले, "वहिनी, काल बरं वाटलं."

ते दात दाखवून हसत नसत. ओठ मिटून, डोळ्यांनी हसायचे. हॉलमधला आमचा लग्नाचा फोटो त्यांनी एकदा अगदी जवळ जाऊन पाहिला. त्यात मी बत्तीशी काढून उभा आहे. "भाडेकरू," ते कळवळून म्हणाले, "किती घाबरला होतास रे!"

"हे मात्र बरोबर ओळखलंत डॉक्टरकाका," बायको आतून म्हणाली.

जेवण आवडलं की ते घशातल्या घशात "हॉ… हॉ… हॉ" असा बारीक आवाज काढायचे. सुरुवातीला बायकोला ठसका लागल्यासारखा वाटला, तिने पाणी पुढे केलं. नंतर ती त्या आवाजाची वाटच पाहायला लागली. मी सतरा वेळा "छान झालंय" म्हटलं तरी तिचं समाधान होत नसे. डॉक्टरांचं एक "हॉ" आलं की भाजी पास.

आणि सगळ्यात मोठी तऱ्हा म्हणजे हा माणूस कधीच काही मागत नसे. "दे" किंवा "द्या" हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. सकाळी मंडईत ते मेथीसमोर जाऊन उभे राहत. "मेथी चांगली आलेली दिसते," एवढंच म्हणत. भाजीवाली आगरी मावशी त्यांच्याच गावाकडची. ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "डाक्टर, मेथीला नुसतं बगून ती घरी येनार हाय का? मागा की तोंडानं! दे म्हना!"

"तुला द्यायची असली तर दे. नसली तर राहू दे," असंही ते म्हणत नसत, कारण त्यातही "दे" येतं. ते नुसते उभे राहत. शेवटी ती वैतागून जुडी पिशवीत कोंबायची. "आवशीनं मागायला शिकवला नाय का?"

मी एकदा विचारलंच. डॉक्टर म्हणाले, "मागण्याआधी स्वतःला विचारायचं, नाही म्हटलं तर चालणार आहे का? चालणार नसेल, तर ते मागणं नाही. ते घेणं."

"अहो, पण मेथी…"

"मेथीपासूनच सवय करावी लागते."

मला वाटलं, निवृत्त माणसाला वेळ फार.

ते कसले डॉक्टर, हे कळलं ते कन्येमुळे. आम्ही दोन-तीन घरं बदलली त्या गडबडीत तिच्या काविळीच्या लशीचा एक डोस राहून गेला होता. बायको हे सहज बोलली, आणि जो माणूस कधी आवाज चढवत नसे तो एकदम तडकला. "राहिला? राहिला म्हणजे? ती लस राहून जाण्यासारखी गोष्ट आहे?" आणि दवाखान्यात स्वतः आमच्याबरोबर आले.

कन्येने सुई पाहून भोकाड पसरलं. नर्सने सराईतपणे तिचा दंड धरला आणि मला म्हणाली, "बाबा, तुम्ही पाय धरा." मी आज्ञाधारकपणे वाकलो. डॉक्टर मध्ये आले. "धरायचं नाही," म्हणाले. ते कन्येच्या समोर जमिनीवर बसले, तिच्याकडे तोंड करून नव्हे, जरा तिरके, आणि स्वतःची बाही वर करून दंड पुढे करून बसून राहिले.

"काका, बाहेर पेशंट बसलेत," नर्स म्हणाली.

"बसू देत. त्यांना बसायला खुर्च्या आहेत."

कन्येने हुंदके देत देत हात पुढे केला. मागे घेतला. डॉक्टर म्हणाले, "बरोबर. घे मागे." पुन्हा पुढे केला, पुन्हा मागे. नर्सने माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीवरचं गरोदर मातांच्या आहाराचं पोस्टर वाचायला लागलो. तिसऱ्यांदा पुढे आलेला हात मात्र तिथेच राहिला. सुई टोचून झाली तरी कन्या "झालं?" म्हणून विचारत होती.

परत येताना उसाच्या रसाच्या गाडीवर मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही लहान मुलांचे डॉक्टर होतात तर!"

"नाही. गुरांचा. म्हणजे शिकलो गुरांसाठी." ग्लासातला रस त्यांनी एका दमात संपवला. मग बोलले.

मिठागरावर राबणाऱ्या घरातला हा मुलगा. जनावरांचा डॉक्टर झाला आणि परदेशात नोकरी लागली ती एका प्रयोगशाळेत. तिथे काविळीच्या लशीवर काम चालायचं. तो आजार माणसाशिवाय फक्त चिंपांझीला होतो, म्हणून लस माणसाला देण्याआधी त्यांना देऊन पाहायचे, आणि मग आठवड्या-आठवड्याला त्यांचं रक्त काढायचे.

"म्हणजे तुम्ही माकडांचे डॉक्टर," मी म्हणालो. माझी हुशारी.

"माकडाला शेपूट असतं, भाडेकरू. तिला नव्हतं. तुला आहे?"

तिला, म्हणजे त्या मादीला, प्रयोगशाळेत नंबर होता. हे तिला "बाय" म्हणायचे. आपल्या गावाकडे लाडक्या पोरीला म्हणतात तसं. "तिकडे आपलं बोलणं कोणाला कळायचं? मग मी तिच्याशीच बोलायचो. आगरीत. आईनंतर माझं आगरी एवढं नीट कोणी ऐकून घेतलं नाही." बाकीच्यांचं रक्त काढायला भूल द्यावी लागे. ह्यांनी बायला शिकवलं. पिंजऱ्याशी बसून म्हणायचे, "बाय गो, हात दे." आणि ती गजांतून हात बाहेर काढायची. सुई टोचेपर्यंत हलायची नाही. लोक बघायला यायचे म्हणे. जगातल्या समस्त चिंपांझींत आगरी समजणारी ती एकटीच असणार. आणि दात दाखवणं म्हणजे घाबरणं, जेवताना "हॉ… हॉ" म्हणजे खूश, हे ह्यांनी तिच्याकडूनच उचललेलं.

"मग ते चूक होतं का, डॉक्टर?" बायकोने विचारलं.

"लस चूक नाही. तुमच्या पोरीला आज दिली ना? द्यायलाच पाहिजे. नसती दिली तर मी भांडलो असतो." त्यांनी रिकामा ग्लास गाडीवर ठेवला. "कोणाला तरी विचारायचं राहून गेलं, एवढंच. सोडून येताना तिला सांगून आलो, बाय, आता मी तुझा हात मागनार नाय. कदी नाय."

डॉक्टर आता नाहीत. ते घरही त्यांच्या पुतण्याने विकलं. आम्ही पळस्पेच्या बाजूला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो, जिथे बिल्डरने विचारण्याआधीच ग्रिल लावून दिलं होतं. पण ज्या आठवड्यासाठी मला डॉक्टर आठवतात, तो आठवडा अजून सांगायचाच आहे.

एका रविवारी सकाळी दार वाजलं. "उघडायलाच पाहिजे असं नाही" हे ऐकू आलं नाही. मी उघडलं तर डॉक्टर दाराला अगदी चिकटून उभे.

"तुझ्याकडे लॅपटॉप आहे असं दिसतं," ते म्हणाले.

त्यांच्या टॅबलेटवर एक मेल आली होती. प्रयोगशाळांतून सुटलेल्या चिंपांझींसाठी तिकडे एक आश्रम आहे, वृद्धाश्रमच म्हणा. बाय तिथे होती. ती जिवंत आहे हेच डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. मेल लिहिणारी तिथली एक तरुण मुलगी, बायची देखभाल करणारी. तिने लिहिलं होतं, बाय आता फार म्हातारी झाली आहे. चार पावलं चालली की धापा टाकते. हृदयाचं दुखणं आहे, पण कोणतं औषध आणि किती, हे ठरवायला रक्त तपासायला हवं. भूल दिली तर ती उठेलच असं नाही. आणि हात ती कोणालाही देत नाही. जुन्या कागदांत दिसतं की ती तुम्हाला द्यायची. तुम्ही तिच्याशी बोलाल का?

"मग बोला ना!" मी म्हणालो. "त्यात काय!"

डॉक्टरांनी टॅबलेट उलटा ठेवला. "मी तिला सांगून आलोय," ते म्हणाले.

बायको म्हणाली, "नुसतं बोला, डॉक्टरकाका. मागू नका. आवाज ऐकून तिला बरं वाटेल." एवढ्यावर ते तयार झाले.

तिकडची सकाळ म्हणजे आपली दिवेलागण. कन्येला शेजारी पाठवलं, टेबलावर लॅपटॉप मांडला, डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसले. नेमकं त्या दिवशी आमचं इंटरनेट बंद. मग माझा मोबाईल जोडला. पण त्यालाही रेंज खिडकीपाशी, आणि तीही उंचावर. म्हणून मी मोबाईल बायकोच्या सेल्फी स्टिकला अडकवला आणि दोन्ही हातांनी ती काठी उंच धरून डॉक्टरांच्या पाठीमागे खिडकीशी उभा राहिलो. तांत्रिक बाजू सांभाळायला घरात एक तरी पुरुष हवा.

पडद्यावर जाळी दिसली. जाळीपलीकडे गवत, आणि गवतावर पाठमोरी बसलेली एक करडी, थकलेली आकृती. ती मुलगी हळूच म्हणाली, बोला.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "बाय गो."

ती वळली. एवढ्या वर्षांनी, एका डब्यातून आलेल्या दोन शब्दांना. उठली, धापा टाकत जाळीपर्यंत आली, पडद्याकडे पाहिलं. आणि डॉक्टरांनी पुढे एक अक्षर उच्चारायच्या आत तिने जाळीच्या झरोक्यातून हात बाहेर काढला. लांब, सुरकुतलेला हात. तळवा वर.

मला भरूनच आलं. मी मागून ओरडलो, "दिला! दिला! घ्या, रक्त घ्या!" तिकडेही पळापळ झाली, कोणी सुई घेऊन पुढे आलं.

"नाय!" डॉक्टर उभे राहिले. खुर्ची पडली. "नाय! कोनी हात लावायचा नाय! बाय, आत घे! हात आत घे गो!" आणि लॅपटॉप असा आपटून मिटला की मला वाटलं संपलाच.

मग बायको बोलली. "डॉक्टरकाका, तिने आपणहून हात दिला होता. ती मेली तर? तुमचं तत्त्व घेऊन काय करायचंय तिला?"

डॉक्टर भिंतीला टेकून खाली बसले. "आपनहून?" ते म्हणाले. "वहिनी, हात नाय दिला तर काय व्हायचं, ते मी सांगितलंच नाय तुमाला. माझ्या मागं एक मानूस उभा असायचा. भुलीची बंदूक घेऊन. तिनं हात नाय दिला, की लांबून सुई यायची. मांडीत. मी पुढं बसून गोड बोलायचा, आनि तो मागं उभा. लोक म्हनायचे, काय विश्वास हाय हिचा तुझ्यावर! विश्वास होता का त्या बंदुकीची भीती होती, मना अजून कळला नाय." त्यांनी तोंड पुसलं. "आज कळला. हात देताना ती माझ्याकडं नव्हती बगत. माझ्या मागं बगत होती."

त्यांच्या मागे मी उभा होतो. दोन्ही हातांत लांब काठी धरून. अजूनही धरलेलीच होती.

तिकडून मेल आली. तिकडच्या जनावरांच्या डॉक्टरने म्हटलं होतं, पुढच्या रविवारपर्यंत थांबतो, त्यानंतर धोका पत्करून भूल द्यावी लागेल. आमचे डॉक्टर दोन दिवस वरून खाली उतरले नाहीत. बायकोने ताट नेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवलं, ते तसंच परत आलं. मी जिन्याखाली उभा राहून खोकलो, त्याचाही काही उपयोग झाला नाही. बुधवारी दार वाजलं.

"त्या पोरीशी मला बोलायचं आहे," ते म्हणाले. "बायशी नाही. पोरीशी."

त्यांचं इंग्रजी वापराविना गंजलं होतं, म्हणून त्यांनी तिला जे शिकवलं ते मी इंग्रजीत समजावत होतो, पण शब्द आगरीच ठेवायचे हा त्यांचा हट्ट. रताळं घेऊन जाळीशी बसायचं, तिरकं बसायचं. मागे कोणी उभं राहायचं नाही. विचारायचं, "बाय गो, हात देशील काय?" जुनं "दे" नाही, "देशील काय". तिने हात नाही दिला तर म्हणायचं, "नाय तं नाय." आणि रताळं तरीही द्यायचं. पूर्ण.

मुलगी गोंधळली. नाही म्हटलं तरी रताळं मिळणार, तर ती हात देईल कशाला?

"तेच तर बघायचंय," डॉक्टर म्हणाले.

उच्चाराची जबाबदारी बायकोने घेतली. मूळची नाशिकची असल्यामुळे आगरी तिला माझ्याइतकीच येत होती, पण ती लॅपटॉपसमोर ठाण मांडून बसली. "नाय टं नाय नव्हे गं बाई, तं. जीभ दातांना लाव. हां. ना-य तं ना-य." पलीकडून ती पोरगी, "नाय टं नाय." शेवटी डॉक्टरच म्हणाले, "असू देत वहिनी. बाय समजून घेईल. सुरुवातीचं माझं इंग्रजी तिनं घेतलं होतं समजून."

गुरुवारी बायने रताळं घेतलं आणि निघून गेली. शुक्रवारीही तेच. आमच्या घरात बोर्डाच्या निकालासारखं वातावरण. ऑफिसातून येऊन मी चपला काढायच्या आत विचारायचो, "दिला?" बायको मान हलवायची. शनिवारी बाय जाळीपर्यंत आली, बसली, मुलीकडे बराच वेळ पाहिलं, रताळं घेतलं आणि गेली. धाप वाढली होती. मुलीचे डोळे सुजलेले दिसत होते. ती म्हणाली, उद्या भुलीची तयारी करायला सांगितलंय. तुम्ही स्वतः एकदा मागितलंत तर? एकदाच?

डॉक्टर उठून मागच्या अंगणात गेले आणि दुधीच्या वेलापाशी उभे राहिले. मी खिडकीतून पाहत होतो. त्यांनी त्या मोराच्या ग्रिलचा एक गज हातात धरला होता. परत येऊन म्हणाले, "नाही. तिला सांग, उद्या भुलीच्या आधी एकदा विचार. खरं विचार."

रविवारी डॉक्टर लॅपटॉपच्या समोर बसले नाहीत. पडद्याच्या मागच्या बाजूला, भिंतीशी, जमिनीवर बसले. आपला आवाज चुकून गेला तर बायला ती बंदूक आठवेल, म्हणून त्यांनी टॉवेलाचा बोळा करून दातांत धरला. त्यांना पडदा दिसत नव्हता. दिसत होतो आम्ही दोघं. मला खाली, बायकोच्या पायाशी बसायची शिक्षा होती. इंटरनेट त्या दिवशी आपोआप चालू होतं.

"बाय गो," पलीकडे मुलगी म्हणाली, "हाट डेशील काय?"

बाय बसून होती. उठली. रताळ्याकडे हात केला. मुलीने ते तिच्या हातात ठेवलं. मग म्हणाली, "नाय टं नाय."

बाय वळून चालायला लागली. बायकोने डोळे मिटून घेतले. डॉक्टर बायकोच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांना जे कळायचं ते त्या चेहऱ्यावरूनच कळणार होतं. मुलीने सुईचं ताट उचललं, उठायला लागली.

तेवढ्यात बाय थांबली. अर्धं रताळं खाल्लं, सावकाश. आजूबाजूला पाहिलं, मुलीच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग ती परत आली, आमच्याकडे जराशी तिरकी बसली आणि उरलेलं रताळं एका हातात धरून दुसरा हात झरोक्यातून बाहेर ठेवला. सुई टेकली तेव्हा तिने तो मागे घेतला. मुलगी थांबली, काही बोलली नाही. हात पुन्हा बाहेर आला. आणि राहिला.

बायकोने डोळे उघडून सगळं पाहिलं होतं. ती पडद्यावरून नजर काढून डॉक्टरांकडे वळली. काही बोलायची सोय नव्हती. तिने नुसता स्वतःचा हात पुढे केला, तळवा वर, आणि मान हलवली.

लॅपटॉप मिटल्यावर डॉक्टरांनी दातांतला टॉवेल काढला. त्याने चेहरा पुसला. बराच वेळ पुसत राहिले. मग आमच्या सगळ्या मुक्कामात कधी ऐकला नव्हता तो शब्द मी ऐकला.

"वहिनी," ते म्हणाले, "चहा द्या."

बायकोने चहा केला. आलं घालून. डॉक्टर जमिनीवरच बसून प्यायले, आणि प्रत्येक घोटाला "हॉ… हॉ" करत राहिले. पुढे औषध ठरलं, लागू पडलं. बाय अजून आहे. ती मुलगी कधी कधी कळवते. पण त्या संध्याकाळी आम्हाला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. डॉक्टर कप स्वतः विसळून वर गेले. जिन्यावर त्यांचं काहीतरी आगरीत चाललं होतं, एकट्याचंच.

मी सोफ्यावर अंग टाकलं. जणू रक्त मीच दिलं होतं. कृतार्थ वगैरे वाटत होतं. डोळे मिटून बायकोला म्हटलं, "पाणी दे गं जरा."

ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

"आणि नाही दिलं," ती म्हणाली, "तर चालणार आहे का? ते आधी सांगा."